सासरेबुवांची नोकरी

९ जानेवारी

औषध कंपन्या दरवर्षी डायऱ्या देतात आणि मी त्या दरवर्षी वाटून टाकते. यंदा एक ठेवून घेतली, कारण टक्केसाहेब जे सांगतात ते माझ्या डोक्यात दारापर्यंतही टिकत नाही. टक्केसाहेब म्हणजे आमचे कर सल्लागार. खरं नाव वेगळं आहे, पण टक्क्यांखेरीज त्यांच्या तोंडून काही ऐकल्याचं मला आठवत नाही.

आज ते दवाखान्यात येऊन बसले होते. आयकराचा नवा कायदा आलाय आणि तो जास्त कमावणाऱ्यांच्या मुळावर उठलाय, असं माझं मत. त्यांचं मत असं की कायदा कुणाच्या मुळावर उठत नाही, नुसता वाकून बघतो. एकूण कळलं ते असं. वरच्या उत्पन्नासाठी कराची एक नवी पायरी बसवली आहे. काही सवलती काढून घेतल्या आहेत. आणि एक कलम असं, की माझ्याएवढं उत्पन्न असलेल्याने घरच्या माणसाला पगार दिला असेल, तर तो माणूस खरोखर काम करत असेल तरच तो पगार खर्चात धरायचा. काम काय, किती वेळ, सगळं दाखवायचं.

"आपल्याकडे घरचं कोण आहे?" मी विचारलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "तुमचे सासरे. व्यवस्थापन सल्लागार. गेली कित्येक वर्षं."

मला काही आठवेना. मग हळूहळू आठवलं. दवाखाना मोठा केला तेव्हा टक्केसाहेबांनीच ही युक्ती सुचवली होती, आणि दोन शस्त्रक्रियांच्या मधे मी कुठेतरी सही ठोकून दिली होती. पैसे बाबांच्या खात्यात जातात, खातं नवरा बघतो. बाबांना याचा पत्ताच नाही.

११ जानेवारी

काल रात्री नवऱ्याला फोन केला. तो पुलाच्या बांधकामावर असतो, महिन्यातून एकदा घरी येतो आणि बाकीचे दिवस फोनवरून सल्ले देतो. म्हणाला, एक तर बाबांचा पगार बंद कर, नाहीतर बाबांना कामाला लाव. आणि हसला. मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाटल्यांच्या कारखान्यातल्या निवृत्त पाळीप्रमुखाला मी काय काम देऊ?

तरी सकाळी चहाच्या वेळी बाबांना सगळं सांगितलं. आई, म्हणजे सासूबाई, गेल्यापासून बाबा फारसं बोलत नाहीत. मागच्या खोलीत खिडकीशी बसलेले असतात. हाक मारली की येतात, वाढलं की जेवतात. आज मात्र त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "माझी नेमणूक कधीपासूनची?"

मी सांगितलं. "म्हणजे इतकी वर्षं मी कामावर गैरहजर," एवढं म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठले. चांगलेच दुखावले. मी मनात म्हटलं, घ्या, आयकराने आता घरातही भांडण लावलं.

संध्याकाळी खोलीच्या दाराशी आले. इस्त्रीचा शर्ट खांद्यावर. म्हणाले, उद्यापासून येतो, काम काय ते सांग.

१२ जानेवारी

पहिला दिवस. काम काही नव्हतंच, म्हणून बाबांना काउंटरजवळ खुर्ची दिली. ते ती सोडून दवाखानाभर हिंडले. बाकं एका ओळीत लावली, गळणारा नळ हुडकला, आणि काउंटरवरच्या ताईंना विचारलं की रांगेत मधेच घुसणाऱ्यांना तुम्ही काही बोलत का नाही. ताई माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन आल्या. दुपारपर्यंत दोनदा आल्या.

दवाखान्यात बाबा मला "डॉक्टर" म्हणतात आणि अहो-जाहो करतात. घरी मी "अगं". मी म्हटलं, असं कशाला, तर म्हणाले, घर वेगळं, कामाची जागा वेगळी. हे प्रकरण मला महागात पडणार असं दिसतंय.

२८ जानेवारी

तपासणीआधी आम्ही डोळ्यांत थेंब घालतो, बाहुली मोठी व्हायला. मग माणसाला जवळचं धुरकट दिसतं. तासभर बसायचं, आणि बसून करायचं काय? वाचता येत नाही, फोन बघता येत नाही. लोक नुसते भिंतीकडे तोंड करून बसतात आणि पंधराव्या मिनिटाला चिडतात. मला हे वर्षानुवर्षं माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर त्यावर मी कधी विचार केलेला नाही.

आज आतून मला कुणीतरी मोठ्याने वाचत असल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर बाबा एका बाईंना वर्तमानपत्र वाचून दाखवताहेत. आणि त्या बाई एकट्याच ऐकत नव्हत्या, अख्खी बाकं माना वळवून ऐकत होती. मी बाबांना बाजूला घेऊन म्हटलं, ही शाळा नाही. तेवढ्यात त्या बाई जागेवरूनच म्हणाल्या, "डॉक्टर, मधे नका थांबवू. चोर सापडला की नाही ते कळू द्या."

मी आत निघून आले. चोर सापडला का, ते मलाही नंतर विचारावंसं वाटत होतं, पण विचारलं नाही.

१३ फेब्रुवारी

टक्केसाहेबांना बाबांचं पद हवं होतं. सल्लागार लिहायला बाबा तयार नाहीत, सल्ला कुणी मागत नाही म्हणाले. शेवटी "रुग्ण सहायक" ठरलं. बाबांनी तो शब्द दोनदा उच्चारून बघितला आणि मान डोलावली.

दात दाखवायला जायचं होतं, तर माझ्याकडे रजेचा अर्ज आणून दिला. मी म्हटलं, बाबा, तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं. म्हणाले, तोंडी रजा मी कारखान्यात कुणाला दिली नाही, आता स्वतः कशी घेऊ? अर्ज मंजूर करून दिला. मंजूर करताना मी उगीचच ताठ बसले.

वाट बघावी लागते म्हणून होणाऱ्या तक्रारी हल्ली कमी झाल्यात. वातानुकूलन दुरुस्त करून घेतलं ते बरं झालं.

८ मार्च

स्वयंपाकाच्या बाई कुरकुरताहेत. बाबा हल्ली भाजी दोनदा मागून घेतात, आणि मीठ कमी पडलं तर तसं तोंडावर सांगतात. वर्षभर नव्हती ही कटकट. बाईंना म्हटलं, थोडी जास्त करत जा.

आज एक गृहस्थ मोतीबिंदू काढायला आले होते. भारी घाबरलेले. शस्त्रक्रियेआधी बाहेर बसवलं होतं. मी हात धुवायला निघाले तर बाबा त्यांच्याशी बोलत होते. आईंबद्दल. आई डोळ्यांत काजळाची बारीक रेघ ओढून ठेवायच्या आणि मग दिवसभर ती पुसली तर नाही ना म्हणून बाबांना विचारत राहायच्या, असं काहीतरी. गृहस्थ हसत होते. बाबाही हसत होते.

घरात बाबांनी आईंचं नावसुद्धा काढलेलं नाही. मी विचारलं तर विषय बदलतात. आणि इथे परक्या माणसाला सगळं सांगतात. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाईट वाटलं. माझ्या मनाचा कोतेपणा, दुसरं काय. डायरी आहे म्हणून लिहून ठेवते.

२१ मे

दोन शस्त्रक्रियांच्या मधे टक्केसाहेबांचा फोन. नवं परिपत्रक निघालंय. माझ्याएवढं उत्पन्न असलेल्यांना घरच्या माणसाचा पगार आता ग्राह्यच नाही. काम करो वा न करो. ते पुढेही बरंच बोलत होते, पण आत रुग्ण टेबलावर होता, मी बरं बरं म्हणून फोन ठेवला.

दुपारी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे हिशेब मांडला. बाबांचा पगार माझ्या उत्पन्नात पडणार, त्याने मी त्या नव्या पायरीवर चढणार, आणि मग सगळ्या उत्पन्नावर तो वरचा दर. आकडा बघून बेरीज पुन्हा करून बघितली. एवढा कर भरायचा तर वर्षाच्या शेवटी शस्त्रक्रियाच कमी कराव्यात की काय. काम जास्त केलं की हातात कमी पडणार, हा कुठला न्याय? चिडून चिठ्ठी फाडून टाकली. पण पगार बंद करावा लागणार हे नक्की. कायदाच नको म्हणतोय म्हटल्यावर माझा इलाज नाही.

२२ मे

घरी आल्यावर बाबांना सांगितलं, सोमवारपासून यायची गरज नाही. टक्क्यांचं पुराण त्यांना कशाला ऐकवायचं, म्हणून म्हटलं, खूप केलंत, आता आराम करा. या वयात सकाळी आवरून निघायचं म्हणजे काय खायचं काम आहे का.

ते म्हणाले, "बरं, डॉक्टर."

घरात मला डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदाच. मी हसले. इतक्या सहज झालं म्हणून सुटल्यासारखं वाटलं. मला वाटलं होतं, हट्ट धरतील.

९ जून

बाबांना आराम मानवलेला दिसतोय. सकाळी उशिरापर्यंत पडून असतात. दुपारीही झोपतात. जेवण जरा उतरलंय, पण उकाडा फार आहे, मलाही अन्न जात नाही. स्वयंपाकाच्या बाईंची कुरकुर थांबली.

दवाखान्यात मात्र डोक्याला ताप. आज एका माणसाने वाट बघायला लावली म्हणून काउंटरवर आवाज चढवला. वातानुकूलन उत्तम चालू होतं. एक बाई सारख्या विचारत होत्या, ते वाचून दाखवणारे साहेब कुठे गेले. ताईंनी सांगितलं, रजेवर आहेत. मी ताईंना म्हटलं, रजेवर का सांगता? त्या म्हणाल्या, मग काय सांगू?

२ जुलै

नवरा येऊन गेला. म्हणाला, बाबा परत पहिल्यासारखे झालेत. मी म्हटलं, पहिल्यासारखे म्हणजे? तो म्हणाला, आई गेली तेव्हासारखे. मला राग आला. महिन्यातून एकदा यायचं आणि निदान करून जायचं. डॉक्टर मी आहे.

तरी तो गेल्यावर मी बाबांचा रक्तदाब बघितला. ठीक होता. फक्त कमरेचा पट्टा नेहमीच्या भोकाच्या आत गेला होता.

७ जुलै

ताई आज माझ्या खोलीत आल्या आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, पगारवाढ मागणार. तर म्हणाल्या, सांगू का नको कळत नव्हतं, पण बाबा रोज सकाळी फोन करतात.

कशाला, मी विचारलं.

"आज किती जण आहेत ते विचारतात. आणि सुरुवातीला एकदा विचारलं होतं, माझ्याबद्दल कुणी तक्रार केली होती का."

मी म्हटलं, कसली तक्रार? त्या म्हणाल्या, मी नाही म्हटलं, पण त्यांचा विश्वास बसलेला वाटला नाही.

उरलेल्या दिवसात तीन माणसांचे चष्म्याचे नंबर मी पुन्हा पुन्हा तपासले. लक्षच लागेना.

१० जुलै

टक्केसाहेब वर्षाचा अंदाज घेऊन आले. कागद उलटता उलटता थांबले. "सासऱ्यांचा पगार का बंद झालाय?"

मी म्हटलं, तुम्हीच सांगितलंत ना ग्राह्य नाही म्हणून.

"खर्च म्हणून ग्राह्य नाही. पगार देऊ नका असं कुठे म्हटलंय? तुमचे पैसे, तुमचा दवाखाना. द्या की. फक्त त्या पैशांवर कर तुम्ही भरायचा, एवढंच. फोनवर तेच तर सांगत होतो."

मग मी चिठ्ठीवरचा तो हिशेब सांगितला. पायरी ओलांडली की सगळ्या उत्पन्नावर वरचा दर. टक्केसाहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले, आणि मला जेवणाच्या डब्याचा दाखला दिला. एकावर एक डबे असतात ना, तशी ही रचना. सगळ्यात वरच्या डब्यात तिखट असलं म्हणून ते खालच्या डब्यांत उतरत नाही. खालच्या उत्पन्नाला खालचाच दर. ओलांडून वर जे पडलं, तेवढ्यालाच वरचा. काम जास्त केलं म्हणून हातात कमी पडलं, असं कधी होतच नाही. मोठमोठे कमावणारे लोक हीच चूक करतात म्हणाले, आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

"मग बाबांच्या पगारापायी मला जास्तीचा कर किती?"

त्यांनी आकडा सांगितला. दिवाणखान्याचे पडदे बदलले होते तेव्हा त्याहून जास्त गेले होते, आणि ते पडदे मला आवडतही नाहीत.

एवढ्यासाठी मी बाबांना घरी बसवलं. नीट विचारलंसुद्धा नाही. मला स्वतःची लाज वाटली.

११ जुलै

सकाळी नवऱ्याला सांगितलं. तो लगेच म्हणाला, मग सोपं आहे, बाबांना बिनपगारी येऊ दे. त्यांना काय पैसे लागतात? तेवढे पैसेही वाचतील. मला पटलं. इतकं सोपं आधी कसं सुचलं नाही असंही वाटलं.

बाबांच्या खोलीत गेले. ते पलंगाच्या कडेला बसले होते. मी परिपत्रक सांगितलं, पायऱ्या सांगितल्या, डबे सांगितले. माझं काय चुकलं तेही सांगितलं. बाबा मान खाली घालून ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी वर बघितलं.

"म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?"

"तुमचं? कुठे?"

"कामात." ते सावकाश बोलत होते. "त्या एका बाईंना मी निधनाच्या बातम्या वाचून दाखवल्या होत्या. त्यांनीच मागितल्या होत्या. पण वाचता वाचता त्या रडल्या. मला वाटलं, त्यावरून कुणी काही बोललं असेल आणि तू मला सांगायला संकोचत असशील. म्हणून मीही विचारलं नाही."

इतके दिवस हा माणूस भिंतीपलीकडे असा झुरत होता आणि मी उकाड्याला दोष देत होते. त्यांचा पट्टा तपासला, रक्तदाब मोजला, पण काय झालंय असं एकदाही विचारलं नाही. मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, बाबा, काही चुकलं नव्हतं. लोक अजून तुम्हाला विचारतात. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

मग मी ती नवऱ्याची सोपी युक्ती सांगितली. उद्यापासून या, फक्त पगाराचं तेवढं नको.

"फुकट नाही येणार," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, तुम्हाला पैशाची कुठे गरज आहे.

"गरज नाहीच. पण फुकट येणारा म्हातारा म्हणजे वेळ घालवायला आलेला. तो आला काय, न आला काय. पगार असला की सकाळी उठावं लागतं. न जाऊन चालत नाही. मला तेच हवंय, दुसरं काही नको."

इतकं सलग ते माझ्याशी आजवर कधी बोलले नव्हते.

१४ जुलै

बाबा कामावर. मी ताईंना सांगितलं होतं की काही गाजावाजा करू नका, तरी त्यांनी खुर्चीवर नवी उशी ठेवलीच. बाबांनी ती उचलून एका म्हाताऱ्या बाईंना दिली आणि वर्तमानपत्र उघडलं. मी दार थोडं उघडं ठेवून रुग्ण तपासले.

टक्केसाहेबांना फोन करून सांगितलं, सासऱ्यांचा पगार चालू. खर्चात धरू नका. जो कर बसेल तो भरू. ते म्हणाले, विचार केलात ना? मी म्हटलं, केला, पण जरा उशिराच.

३१ जुलै

पगाराचा दिवस. या वेळी पैसे परस्पर खात्यात टाकले नाहीत. ताईंना आणि बाकीच्यांना देते तसं बाबांना खोलीत बोलावून हातात पाकीट दिलं. त्यांनी दार लावलं, पाकीट उघडलं, आणि आतली चिठ्ठी काळजीपूर्वक वाचली. मग मला विचारलं, "यातून कर किती कापला?"

मी म्हटलं, काहीच नाही. तुमचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खूप खाली आहे. तुम्हाला कर बसतच नाही.

मला वाटलं, खूश होतील. तर त्यांचा चेहरा उतरला. कारखान्यात दर महिन्याला कापला जायचा म्हणाले. किती का असेना, पण चिठ्ठीवर त्याची एक ओळ असायची. आई ती ओळ बघून सरकारच्या नावाने बोटं मोडायच्या आणि बाबा त्यांना म्हणायचे, कापतात म्हणजे आपण मोजले जातोय.

घरातल्या माणसासमोर, माझ्यासमोर, त्यांनी आईंचं नाव काढलं.

त्यांनी पाकीट खिशात ठेवलं आणि दाराशी जाऊन वळले.

"डॉक्टर, कर बसायला पगार किती लागतो?"

मी आकडा सांगितला. त्यांनी तो मनाशी पुटपुटून बघितला.

"मग वाढीचं पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले, आणि बाहेर थेंब घातलेली माणसं वाट बघत होती तिकडे गेले.